रेडिओवरचं नाट्यसंगीत: आवाजामागचे पदकार आणि संगीतकार कसे ओळखाल?

रेडिओवर नाट्यपद लागलं की ऐकणारा आधी गायकाचं नाव घेतो. "हे बालगंधर्व", "हे वसंतराव", "या तर ज्योत्स्नाबाई". पद लिहिलं कुणी आणि चाल बांधली कुणी, हे निवेदक सांगतात, पण तोवर आपण मुखड्यात, म्हणजे पदाच्या पहिल्या ओळीत, शिरलेले असतो. मीही पुष्कळ वर्षं नाट्यसंगीत असंच ऐकलं. पदकार आणि संगीतकार यांची नावं लक्ष देऊन टिपायला लागल्यावर हीच गाणी कितीतरी मोठी झाली. एका पदाच्या मागे कीर्तनाची चाल सापडते, दुसऱ्याच्या मागे ठुमरी, तिसऱ्याच्या मागे एखादा विसरला गेलेला कवी.

ज्यांना नाट्यसंगीत कानाला आवडतं पण त्यातलं काही 'कळत' नाही असं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. रागज्ञान नसलं तरी चालेल. मुंबईत राहून हे सगळं जवळजवळ फुकटात करता येतं.

काय काय लागेल

- मीडियम वेव्ह पकडणारा रेडिओ किंवा आकाशवाणीचं 'न्यूज ऑन एआयआर' हे ॲप
- आडवी उघडणारी जाड वही आणि पेन
- हेडफोन (जुन्या ध्वनिमुद्रिकांची खरखर असते, त्यातून शब्द वेगळे काढायला)
- ग्रंथालयाचं सभासदत्व. त्यासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि अनामत रक्कम. भाड्याच्या घरात राहत असाल तर पत्त्याचा कोणता पुरावा चालेल, हे जाण्याआधी फोन करून विचारा.

१. आधी वाहिनी नीट लावा

आकाशवाणी मुंबईची मराठी वाहिनी म्हणजे अस्मिता. मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झला ती लागते. नव्या श्रोत्याची पहिली अडचण इथेच होते. मोबाईलमधल्या एफएम रेडिओवर अस्मिता शोधतात, ती सापडत नाही आणि मग "आता रेडिओवर काही लागतच नाही" असा निष्कर्ष निघतो. फोनचा एफएम मीडियम वेव्ह पकडत नाही. त्यासाठी वेगळा सेट हवा. लॅमिंग्टन रोडला साधे सेट मिळतात. घेताना त्यावर 'एएम' किंवा 'एमडब्ल्यू' लिहिलंय ना, ते बघून घ्या.

सेटची वर ओढायची दांडी एफएमसाठी असते. मीडियम वेव्हची अँटेना आत आडवी बसवलेली असते. म्हणून आवाज अस्पष्ट आला तर दांडी ओढत बसू नका, सेट खिडकीपाशी नेऊन हळूहळू फिरवा. एका विशिष्ट दिशेला आवाज स्वच्छ होतो. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर यांनी जोरदार खरखर येते. ऐकताना जवळचे चार्जर काढून ठेवा.

हे जमणार नसेल तर ॲप सोपं. त्याचा आणखी एक फायदा आहे: पुणे, सांगली, रत्नागिरी, पणजी ही केंद्रंही ऐकता येतात. पणजी केंद्र जरूर लावा. गोव्याच्या मातीत नाट्यसंगीत अजून घरोघरी गायलं जातं.

कार्यक्रमांच्या वेळा बदलत राहतात, म्हणून मी इथे वेळापत्रक देत नाही. प्रत्येक सभेच्या (सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा प्रसारणाच्या सत्राच्या) सुरुवातीला निवेदक कार्यक्रमांची रूपरेषा सांगतात, ती आठवडाभर ऐका. कोणत्या वारी, कोणत्या सभेत नाट्यसंगीत असतं, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

२. वहीत चार रकाने आखा

नाटक, पदकार, संगीतकार, गायक. एवढेच चार. पाचवा रकाना रागाचा करावासा वाटेल, पण सुरुवातीला नको. रागाच्या मागे लागलात की बाकीचे चार रिकामे राहतात.

निवेदन कधी पदाच्या आधी असतं, कधी नंतर. आधी असेल तर मुखडा सुरू होईपर्यंत नावं लिहून झालेली हवीत, म्हणून पेन हातात घेऊनच बसा. एखादं नाव निसटलं तर जागा मोकळी सोडा आणि मुखडा मात्र लिहाच. मुखडा असला की बाकीचं नंतर शोधता येतं. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर मुखड्यावरून नाटक, गीत, संगीत, स्वर आणि बरेचदा राग-तालही सापडतो. यूट्यूबवरच्या माहितीवर मात्र विसंबू नका. तिथे गायकाचंच नाव संगीतकार म्हणून टाकलेलं पुष्कळदा दिसतं.

३. पाच टप्पे कानात बसवा

नाट्यसंगीत म्हणजे एकच प्रकारचं गाणं नव्हे. शंभर वर्षांत ते पार बदललं आणि प्रत्येक बदलामागे एखादा पदकार किंवा संगीतकार आहे. हा टप्पा घाईने उरकू नका, दोन-तीन महिने द्या.

पहिले अण्णासाहेब किर्लोस्कर. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं आणि १८८२ मध्ये 'सौभद्र'. नाटक त्यांचं, पदं त्यांची आणि चालीही त्यांनीच निवडलेल्या. या चाली लोकांच्या कानात आधीपासून होत्या: साकी, दिंडी ही जुनी वृत्तं, कीर्तनातल्या चाली, कर्नाटकाकडची पदं. अण्णासाहेब बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे, त्यामुळे कानडी गाणं त्यांच्या कानावरचं. 'सौभद्र'मध्ये शंभराहून अधिक पदं आहेत. पात्रं अक्षरशः गाण्यात बोलतात. रेडिओवर 'प्रिये पहा' किंवा 'राधाधर मधुमिलिंद' लागेल तेव्हा हे लक्षात ठेवा की आज त्यात ऐकू येणारा ताना-आलापांचा विस्तार पुढच्या पिढ्यांच्या गायकांनी भरलेला आहे. मुळातली सुभद्रा, भाऊराव कोल्हटकर, १९०१ मध्येच गेले. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं त्यानंतर. त्यांचा आवाज कुणालाच ऐकता येणार नाही, याची मला फार हळहळ वाटते.

त्यांच्याच तालमीतले गोविंद बल्लाळ देवल. 'शारदा' १८९९ ची. म्हाताऱ्या नवऱ्याला विकली जाणारी मुलगी हा त्या काळचा जळता प्रश्न त्यांनी गाण्यांतून मांडला. 'मूर्तिमंत भीती उभी' ऐका. बोजड समास नाहीत, शब्दांची कसरत नाही, घाबरलेली मुलगी बोलते तशी भाषा आहे. माझ्या मते पदकार म्हणून देवलांइतका साधेपणा पुढे कुणाला साधला नाही. नवख्याने ऐकायला सुरुवातही त्यांच्यापासूनच करावी, कारण शब्द पहिल्याच ऐकण्यात कळतात.

तिसरा टप्पा खाडिलकरांचा. इथे संगीतकार हा स्वतंत्र माणूस ठळकपणे पुढे येतो. १२ मार्च १९११ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे कोल्हापूरकडचे, हार्मोनियमवर असामान्य हात, आणि पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याने भारावलेले. ती नजाकत त्यांनी मराठी पदांत आणली. 'नाही मी बोलत नाथा' ऐकताना लाडिक रुसवा शब्दांत आहे की चालीत, हे ठरवणं कठीण जातं. पाच वर्षांनी, १९१६ मध्ये, त्याच खाडिलकरांचं 'स्वयंवर' आलं. त्याचे संगीतकार भास्करबुवा बखले. आता गाणं सरळ ख्यालाकडे, म्हणजे शास्त्रीय रागगायनाकडे वळलं. 'नाथ हा माझा' मधला यमन राग ऐका. बुवांचं स्वतःचं गाणं आपल्याला ऐकायला मिळत नाही. ते ऐकायचं ते शिष्यांच्या गळ्यातून: बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव.

एकाच पदकाराच्या या दोन नाटकांची पदं एकाच संध्याकाळी एकामागून एक ऐका. संगीतकार बदलला की काय बदलतं, ते दहा मिनिटांत समजतं. या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

चौथा टप्पा १९४२ च्या 'कुलवधू'चा. मो. ग. रांगणेकरांचं नाटक, मास्टर कृष्णरावांच्या चाली, ज्योत्स्ना भोळे यांचा आवाज. पदं थोडी, छोटी आणि भावगीताजवळची. 'बोला अमृत बोला' रेडिओवर हमखास लागतं.

पाचवा टप्पा पंडित जितेंद्र अभिषेकींचा. हे स्वतः आकाशवाणी मुंबईत काम केलेले संगीतकार. 'मत्स्यगंधा' १९६४, 'ययाति आणि देवयानी' १९६६, 'कट्यार काळजात घुसली' १९६७. पद आटोपशीर, मुखडा पकडणारा, राग भरपूर पण शब्दाला धक्का नाही. 'कट्यार'मध्ये 'घेई छंद मकरंद' हे पद दोन वेगळ्या चालींत आहे. एक नाटकातल्या खाँसाहेबांच्या घराण्याचं, सालगवराळी रागात. दुसरं त्यांचे प्रतिस्पर्धी पंडितजी यांचं, धानी रागात. दोन घराण्यांमधलं भांडण हाच नाटकाचा विषय आहे आणि संगीतकाराने तो एकाच मुखड्यातून ऐकवला. रेडिओवर बहुतेक वेळा वसंतराव देशपांड्यांनी गायलेलं खाँसाहेबांचं लागतं. दुसरं मुद्दाम शोधून ऐका, नाहीतर अर्धंच ऐकलं असं होईल.

याच काळातले विद्याधर गोखले विसरू नका. 'पंडितराज जगन्नाथ', 'सुवर्णतुला', 'मंदारमाला', 'जय जय गौरीशंकर' ही त्यांची नाटकं. पदंही त्यांचीच, जुन्या वळणाची, यमकांनी सजलेली. संगीतकार मात्र वेगवेगळे: छोटा गंधर्व, वसंत देसाई, राम मराठे. वहीत ही पानं शेजारी शेजारी ठेवा.

४. नाटककार तोच पदकार, असं धरून चालू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, सावरकर, 'कट्यार'चे पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी आपापल्या नाटकांची पदं स्वतः लिहिली, त्यामुळे तशी सवय लागते. मग 'एकच प्याला' येतं. नाटक राम गणेश गडकऱ्यांचं, पण रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. 'कशि या त्यजू पदाला' ऐकून नायिका सिंधूसाठी डोळे पुसणाऱ्या किती जणांना गुर्जरांचं नाव माहीत आहे? चालींमध्ये सुंदराबाई जाधव यांचा मोठा वाटा होता, त्यांचंही नाव मागेच राहिलं.

तसंच 'हे बंध रेशमाचे'. नाटक रणजित देसाईंचं, गाणी शांता शेळके यांची, संगीत अभिषेकींचं. 'काटा रुते कुणाला' अनेकांना स्वतंत्र भावगीतच वाटतं.

संतांचे अभंग हा आणखी एक प्रकार. 'संत कान्होपात्रा' नाटकात बालगंधर्वांनी गायलेलं 'अगा वैकुंठीच्या राया' हा कान्होपात्रेचाच अभंग आहे आणि 'जोहार मायबाप' चोखोबांचा. पदकाराच्या रकान्यात संताचं नाव लिहा, नाटककाराचं नको.

उलट बाजूने, जुनं आणि मराठी असलेलं प्रत्येक गाणं नाट्यगीत नसतं. गीतरामायण १९५५ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्रासाठी निर्माण झालं, त्याचा नाटकाशी संबंध नाही.

५. सारखी नावं

ही यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

- गंधर्व: बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस), सवाई गंधर्व (रामभाऊ कुंदगोळकर), छोटा गंधर्व (सौदागर गोरे), कुमार गंधर्व. चौघे वेगळे आणि चौघांनीही नाट्यपदं गायली आहेत.
- वसंत: वसंत शांताराम देसाई पदकार. वसंत देसाई संगीतकार. वसंतराव देशपांडे गायक नट. वसंत कानेटकर नाटककार, आणि 'मत्स्यगंधा'ची पदंही त्यांचीच.
- कोल्हटकर: भाऊराव गायक नट. श्रीपाद कृष्ण नाटककार, ज्यांनी पारशी रंगभूमीकडच्या चाली मराठीत आणल्या. बाळ कोल्हटकर पुढच्या काळातले, 'दुरितांचे तिमिर जावो' वाले.

निवेदक नुसतं "संगीत वसंत देसाई" म्हणाले तर गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो नंतर संकेतस्थळांवर शोधताना.

६. एकच पद दोन गळ्यांतून ऐका

नाट्यपदाची चाल छापील स्वरलिपीसारखी गोठलेली नसते. 'मानापमान'ची पदं बालगंधर्वांच्या परंपरेतून आली तशी मास्टर दीनानाथ मंगेशकरांनीही गायली आणि काही पदांचा तोंडवळाच पालटला. दीनानाथांची तडफदार, झेपावणारी गायकी ऐकली की 'शूरा मी वंदिले' हे पद वेगळंच उभं राहतं. अशा वेळी संगीतकाराच्या रकान्यात टेंबे लिहाच, पण बाजूला खूण करा: चाल बदललेली.

ध्वनिमुद्रण कुठल्या काळातलं आहे, तेही पाहा. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. म्हणजे रंगमंचावर वन्समोअर घेत फुलत जाणारं पद तिथे घाईने आटपलेलं असतं. आकाशवाणीने स्टुडिओत केलेली ध्वनिमुद्रणं जास्त मोकळी असतात. "बालगंधर्वांचं गाणं एवढंसंच?" असा प्रश्न पडला तर दोष तबकडीचा आहे.

साथीकडेही कान द्या. ऑर्गनचा भरलेला सूर, सारंगी आणि तबला. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते, यावरून त्या मंडळींची हौस लक्षात यावी.

७. नाटकाचं पुस्तक उघडा

दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, ही संस्था १८९८ ची. गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघ आहे. विकत हवीत तर दादरला शिवाजी मंदिराजवळच्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करा. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क आता संपला आहे, त्यामुळे संगणकीय प्रतीही उघडपणे मिळतात.

जुन्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' असं छापलेलं असतं. 'चाल' पुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा मुखडा दिसेल: कधी बंदिश, कधी ठुमरी, कधी जुनं मराठी पद. मूळ कुठून आलं, त्याचा तो पत्ता. आवडलेल्या पदाचा असा पत्ता लागला तर मूळ बंदिशही शोधून ऐका.

पदाच्या आधीचे आणि नंतरचे संवादही वाचा. रेडिओवर पद एकटं येतं. कोण कुणाला म्हणतंय, रागावून की लाडाने, हे पुस्तकातच कळतं. 'मर्मबंधातली ठेव ही' सावरकरांच्या 'संन्यस्तखड्ग'मधलं आहे, चाल गायक रामकृष्णबुवा वझे यांची. शस्त्र टाकावं की उचलावं या वादाच्या नाटकात हे इतकं कोमल पद येतं, हे वाचल्यावर ते कानाला वेगळं लागतं.

८. एकदा तरी प्रयोग बघा

साहित्य संघ, शिवाजी मंदिर, रवींद्र नाट्य मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ, माटुंग्याचं यशवंत. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत 'संगीत' हा शब्द शोधा. 'नाट्यसंगीत रजनी' आणि 'संगीत नाटक' यांतला फरक तिकीट काढण्याआधी बघा. पहिल्यात नुसती पदं असतात, दुसऱ्यात पूर्ण नाटक. निदान एक तरी पूर्ण नाटक बघा आणि नांदी, म्हणजे सुरुवातीचं ईशस्तवन, चुकवू नका, ती पडदा उघडताच होते.

९. फर्माईश पाठवा

श्रोत्यांची पत्रं किंवा संदेश घेणारे कार्यक्रम असतात. पत्ता आणि क्रमांक निवेदक कार्यक्रमातच सांगतात. "एखादं छान नाट्यगीत लावा" असं कळवू नका, त्यातून नेहमीचीच दहा-बारा पदं लागतात. वहीतले चारही रकाने भरून पाठवा, म्हणजे ध्वनिमुद्रण शोधणाऱ्याचं काम सोपं होतं. नमुना असा:

"सप्रेम नमस्कार. नाटक 'हे बंध रेशमाचे', गीत शांता शेळके, संगीत आणि स्वर पंडित जितेंद्र अभिषेकी, पद 'काटा रुते कुणाला'. आपल्या संग्रहात असल्यास ऐकवावं. निवेदनात शांताबाईंचं नाव जरूर घ्यावं, ही विनंती."